‘डेमन स्लेयर’मधली फुजी आणि हिगानबाना : फुलांचे अर्थ आले कुठून?

‘डेमन स्लेयर’ ही राक्षस मारणाऱ्या तलवारबाजांच्या दलाची जपानी गोष्ट, आधी मांगा (चित्रकथा), मग ॲनिमे (ॲनिमेशन-मालिका). तिच्यात कथेचा भार दोनच फुलांवर आहे. एक फुजी, म्हणजे विस्टेरिया, जिच्या वासानेही राक्षस मागे हटतात. दुसरं निळं हिगानबाना, म्हणजे स्पायडर लिली, ज्याच्यासाठी राक्षसांचा प्रमुख मुझान हजार वर्षं जपान पालथा घालतो. चेरी, प्लम, पीच, पिओनी ही फुलं फ्लॉवर ब्रीदिंग या तलवारबाजीच्या शैलीतल्या डावांमधून डोकावतात, पण त्यांच्यावाचून कथा अडत नाही. कमळाचं तसं नाही. त्याच्याकडे पुढे येऊ.

या फुलांचा अर्थ लावताना बहुतेक चाहते हानाकोतोबाचा, म्हणजे जपानी ‘फुलांच्या भाषे’चा, तक्ता उघडतात. फुजी म्हणजे ‘स्वागत’ आणि ‘कधीही न सुटणारी साथ’, हिगानबाना म्हणजे ‘दुःखद आठवण’ आणि ‘पुन्हा भेटेपर्यंत’. मग प्रत्येक पात्राला त्यातला एकेक शब्द चिकटवला जातो. ही पद्धत इतकी रुळली आहे की हानाकोतोबा ही जपानची प्राचीन परंपरा आहे, असं धरूनच चाललं जातं. तशी ती नाही, आणि मालिकेतल्या फुलांबद्दलचे निम्मे गोंधळ इथूनच सुरू होतात.

एका फुलाला एक ठरीव अर्थ देणारी कोशवजा यादी ही युरोपची निर्मिती. तुर्कस्तानात फुलं आणि वस्तूंमधून निरोप धाडायची रीत असल्याचं वर्णन एका इंग्रज राजदूताच्या पत्नीच्या पत्रांमधून १७६३मध्ये छापून आलं. १८१९मध्ये पॅरिसला फुलांच्या भाषेचं एक पुस्तक निघालं आणि त्यानंतर फ्रान्स-इंग्लंडात अशा पुस्तकांची लाटच आली. जपानमध्ये ही कल्पना पोचली मेइजी काळात (१८६८–१९१२), पाश्चात्त्य पुस्तकांच्या भाषांतरांमधून, आणि पुढे मुलींच्या मासिकांनी ती घरोघरी नेली. आज आपण जपानी म्हणून वाचतो त्या याद्यांमध्ये या आयात मालाची आणि जपानी लोकसमजुतींची सरमिसळ आहे.

फुजीचंच बघा. १८८४मध्ये लंडनला निघालेल्या फुलांच्या भाषेच्या एका गाजलेल्या सचित्र पुस्तकात विस्टेरियापुढे छापलं आहे : ‘परक्या सुंदरी, तुझं स्वागत’. इंग्लंडच्या नजरेने ते चपखल आहे, कारण चिनी विस्टेरिया तिथे १८१६मध्ये आली आणि खरोखरच परकी पाहुणी होती. जपानमध्ये मात्र फुजी डोंगराडोंगरांत आपोआप वाढते. तिथे तिचं ‘स्वागत’ करायचं काही कारणच नव्हतं. तरी जपानी यादीत आज तो शब्द ठाण मांडून आहे. त्याच्या आधाराने ‘फुजीचं चिन्ह लावलेली घरं डेमन स्लेयर दलाचं स्वागत करतात’ अशी संगती लावली जाते. संगती सुरेख आहे, पण मालिकेने त्या घरांचं कारण स्वतःच दिलं आहे : दलाने कधीकाळी वाचवलेली ही कुटुंबं, म्हणून दलाच्या माणसांकडून खाण्या-राहण्याचे, औषधपाण्याचे पैसे घेत नाहीत. चिन्ह आहे ते घराण्याचं. फुजीचं चिन्ह जपानमध्ये शेकडो वर्षं घराणी वापरत आली आहेत. सगळ्यात बडं उदाहरण फुजिवारा घराण्याचं. नारा इथल्या त्यांच्या कासुगा देवळात आजही खाली लोंबणाऱ्या फुजीची खूण दिसते.

या याद्या मागाहून बदलतातही. निळा गुलाब हे ‘अशक्य’चं चिन्ह मानलं जायचं. एका जपानी पेय-कंपनीने पॅन्सीतलं निळ्या रंगद्रव्याचं जनुक गुलाबात घातलं आणि २००९मध्ये ते फूल बाजारात आणलं. त्याबरोबर त्याचा अर्थ झाला ‘स्वप्न साकार होतं’. विक्रीसाठी अर्थ ठरवता येतो, हे इतकं उघड असताना त्याच यादीवरून एखाद्या पात्राचं अंतरंग सिद्ध करणं मला तरी पटत नाही.

मग जपानची स्वतःची रीत काय? तिथे फुलाला शब्दार्थ कमी आणि ऋतू, जागा, नाती जास्त. अकराव्या शतकाच्या सुरुवातीच्या ‘गेंजी मोनोगातारी’ या जपानी कादंबरीत राजाच्या एका पत्नीला तिच्या फुजीच्या अंगणावरून फुजीत्सुबो म्हणतात. नायकाचा तिच्यावर जीव, पण ती मिळणं अशक्य. मग तिच्याचसारखी दिसणारी तिची भाची त्याला भेटते, तिचं नाव मुरासाकी. मुरासाकी ही जांभळा रंग देणारी वनस्पती, तो रंग तिच्या मुळांतून निघतो. फुजीचं फूलही जांभळं. रंग एक, म्हणून रक्त एक, म्हणून ओढही एक. दोन पात्रांमधलं साम्य वनस्पतीतून दाखवण्याची ही हजार वर्षं जुनी युक्ती आहे, आणि तिला कुठलीही यादी लागत नाही. मधल्या काळात, १९७०च्या दशकातल्या मुलींच्या मांगांमध्ये, चेहऱ्यांमागे गुलाबांचे ताटवे आले. तो वेगळा प्रवाह. ‘डेमन स्लेयर’ त्यात बसत नाही.

मांगा फेब्रुवारी २०१६ ते मे २०२० चालला, २०५ प्रकरणं. ॲनिमे एप्रिल २०१९पासून. काळ ताइशो (१९१२–१९२६). एक साधी गोष्ट विसरली जाते : मांगा काळा-पांढरा आहे. हिगानबाना ‘निळं’ आहे हे वाचक पात्रांच्या तोंडून ऐकतो. नेमकी छटा तिथे नसते. म्हणून ॲनिमेतल्या एखाद्या फ्रेमची छटा पुढे करून मूळ लेखनाचा हेतू सांगायला गेलं की गल्लत होते. आधी ते चित्र मांगात आहे की स्टुडिओने घातलेलं, हे तपासावं.

हिगानबाना ओळखायला सोपं. सप्टेंबरच्या शेवटी, शरद-विषुवाच्या आसपास, जमिनीतून एकदम नुसता दांडा वर येतो, साधारण ३० ते ५० सेंटिमीटर. टोकाला पाच-सात फुलांचा झुबका, पाकळ्या मागे वळलेल्या, पुंकेसर लांब बाहेर. पान एकही नाही. फूल वाळलं की पानं येतात, हिवाळाभर राहतात आणि उन्हाळ्याआधी मरतात. फूल आणि पान एकमेकांना कधीच दिसत नाहीत, आणि जपानी लोकबोलीत फुलाचं एक नावच तसं आहे. चाहत्यांच्या चित्रांमध्ये सर्रास दिसणारी चूक हीच : लाल फूल आणि खाली हिरवीगार पानं.

जपानमधलं सामान्य हिगानबाना त्रिगुणित आहे, म्हणजे गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच, एकूण ३३. त्यामुळे बी धरत नाही. बी धरणारी द्विगुणित जात चीनमध्ये आहे. म्हणजे जपानमधला हिगानबानाचा ताटवा बहुधा कुणीतरी कधीतरी हाताने कांदे लावल्यामुळे उभा आहे. भातखाचरांच्या बांधांवर आणि कबरींभोवती तो लावला गेला, कारण कांद्यात लायकोरिन हे विष असतं आणि उंदीर-चिचुंद्री जवळ येत नाहीत. दुष्काळात मात्र तेच कांदे कुटून, पुन्हापुन्हा पाण्यात धुऊन, उरलेला स्टार्च खाल्ला जायचा. धुणं कमी पडलं की उलट्या-जुलाब. मृत्यूशी, कबरींशी या फुलाचं नातं जोडलं गेलं त्यात विषुवाचा मुहूर्त, कबरींची जागा आणि हे विष या तिघांचाही वाटा आहे. ‘प्रेताचं फूल’, ‘नरकाचं फूल’ ही गावाकडची नावं त्यातूनच आली.

मुहूर्त महत्त्वाचा, कारण ‘हिगान’ म्हणजे पैलतीर. विषुवाचा दिवस मध्ये धरून सात दिवसांचा हिगान पाळतात, पूर्वजांच्या कबरींवर जातात. विषुवाला सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो आणि अमिताभ बुद्धाचा स्वर्गलोक सुखावती, जपानीत गोकुराकु, पश्चिमेलाच आहे. याच फुलाचं दुसरं जपानी नाव, मांजुशागे, हे सद्धर्मपुंडरीक सूत्रात आकाशातून बरसणाऱ्या ‘मंजूषक’ फुलाचं रूप. तेव्हा हे फूल नुसतं अशुभ नाही. नरक आणि स्वर्ग दोन्ही त्याच्या नावांत आहेत.

ही पार्श्वभूमी हाताशी ठेवली की दोमाविरुद्धची लढाई वेगळीच दिसू लागते, आणि माझ्या मते मालिकेतलं फुलांचं सगळ्यात विचारपूर्वक काम तिथेच आहे. दोमा हा राक्षस, ‘शाश्वत गोकुराकु’ पंथाचा गुरू, म्हणजे स्वर्ग विकणारा. लढाईची जागा कमळांच्या तळ्यांची. त्याचे डावही बर्फाच्या कमळांचे, शेवटी तर बर्फाची बोधिसत्त्व-मूर्ती. स्वर्गाची ही सगळी सजावट गोठलेली, आणि आतला माणूस काहीही न जाणवणारा. त्याच्यासमोर दलातली कानाओ : लहानपणी विकली गेलेली, स्वतःला काय हवं ते कळत नाही म्हणून नाणं उडवून ठरवणारी. दोमाच्या हसण्यामागे काहीच नाही हे ती ओळखते, कारण तशी पोकळी तिने स्वतः सोसलेली आहे. हे साम्य मालिकेने मुद्दाम समोरासमोर उभं केलं आहे. आणि कानाओ शेवटी वापरते तो फ्लॉवर ब्रीदिंगचा अखेरचा डाव, ‘हिगान शुगान’, म्हणजे पैलतीराचे शेंदरी डोळे. डोळ्यांवर कमाल ताण, रक्त उतरून डोळे हिगानबानासारखे लाल, समोरचं सगळं संथ दिसू लागतं. किंमत म्हणून दृष्टी जाण्याचा धोका, आणि तिच्या एका डोळ्याची जातेही. खोट्या पैलतीराचा व्यापारी खऱ्या पैलतीराच्या फुलाने संपतो. ‘दुःखद आठवण’ या तक्त्यातल्या अर्थाने यातलं काहीही हाती लागत नाही.

फुजी याच लढाईत दलातल्या शिनोबुच्या बाजूने येते. तिच्या हातात राक्षसाची मान कापण्याइतकं बळ नाही, म्हणून ती विषाकडे वळली. फुजीत विष खरंच असतं : सगळ्या झाडात कमीजास्त, शेंगा आणि बियांत सर्वाधिक. मोजक्या बिया पोटात गेल्या तरी मळमळ, उलट्या, पोटात कळा. मालिकेत शिनोबु वर्षाहून अधिक काळ फुजीचं विष घेत राहते आणि दोमाला स्वतःला गिळू देते. ३७ किलोंचा अख्खा देह, घातक मात्रेच्या सुमारे ७०० पट. फुजीकासाने या दलाच्या परीक्षेच्या डोंगरावरची रचना आठवा : पायथ्यापासून निम्म्या उंचीपर्यंत बारमाही फुललेली फुजी, वर कोंडलेले राक्षस. जे फूल तिथे बाहेरून कुंपण होतं तेच शिनोबुने शरीराच्या आत लावलं. प्रत्यक्षात फुजी एप्रिल-मेमध्येच फुलते, घोसाचं फूल वरून खाली उमलत जातं. बारमाही बहर हाच त्या डोंगराचा अनैसर्गिकपणा.

निळ्या हिगानबानाचं साम्य वेगळ्या पात्राशी आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या हेइआन काळातल्या एका वैद्याच्या औषधात हे फूल होतं. मुझानने वैद्याला मारलं आणि ठावठिकाणा त्याच्याबरोबर गेला. राक्षस उन्हात मरतात; मुझानला ते फूल हवं ते ऊन सोसण्यासाठी. तलवारकारांच्या गावातल्या पर्वाच्या शेवटी, जून २०२३च्या भागात, नायक तांजिरोची राक्षस झालेली बहीण नेझुको उन्हात उभी राहते. त्या क्षणी मुझानचा शोध संपतो. त्याला आता फूल नको, नेझुको हवी. फुलाची जागा एका मुलीने घेतली, म्हणून कथेच्या मध्यावरच फूल बाजूला पडतं. त्यावर ‘धागा सोडून दिला’ अशी टीका झाली, ती मला मान्य नाही. मांगाच्या शेवटच्या, आधुनिक काळातल्या प्रकरणात उत्तर आहे : ते वर्षातून मोजके दिवस आणि फक्त दिवसा उमलतं. राक्षसाला ते दिसणं शक्यच नव्हतं. ज्या संशोधकाला, आओबा हाशिबिराला, ते सापडतं, त्याच्याच चुकीने सगळी रोपं मरतात.

तांजिरोच्या कर्णभूषणांबद्दल थोडंच. ती ‘हानाफुदासारखी’ म्हणून ओळखली जातात, हानाफुदा म्हणजे फुलांचे पत्ते : १२ महिने, प्रत्येकी ४, एकूण ४८, एप्रिल फुजीचा. पण ते चित्र कुठल्याच पत्त्यावर नाही आणि त्यात फूलही नाही; उगवता सूर्य आहे. त्या किरणांचं साम्य जुन्या लष्करी ध्वजाशी दिसल्याने जपानबाहेरच्या काही आवृत्त्यांत, कोरियातल्या धरून, तिथे आडव्या रेषा आल्या. पुष्प-प्रतीकांच्या यादीत त्यांना घालू नये.

शेवटच्या पर्वाच्या तीन चित्रपटांपैकी पहिला जुलै २०२५मध्ये आला आणि शिनोबु-दोमा लढत त्यात आहे. तेव्हापासून आपल्याकडेही ‘ब्लू स्पायडर लिली’ची विचारणा वाढलेली दिसते. खऱ्या निळ्या रंगाचं हिगानबाना निसर्गात नाही. त्याच कुळातल्या एका चिनी जातीच्या गुलाबी पाकळ्यांची टोकं निळसर असतात, तेवढंच. जपानी लाल हिगानबाना बी धरत नाही, त्यामुळे ‘निळ्या स्पायडर लिलीच्या बिया’ म्हणून जे पाकीट मिळतं त्यात दुसरंच काही असतं. आपल्या बागांतली पांढरी स्पायडर लिली वेगळ्या प्रजातीची आहे. पावसाच्या तोंडावर लाल चेंडूसारखी फुलणारी मे फ्लॉवरही वेगळी. मागे वळलेल्या लाल-पिवळ्या पाकळ्यांमुळे सह्याद्रीतल्या कळलावीचे फोटोही हिगानबाना म्हणून फिरतात. कळलावी वेल आहे, पानांच्या टोकांनी आधार धरून चढते आणि फुलासोबत तिची पानं असतात. ती विषारीही आहे, आणि कंद तर जिवावर बेतणारा, म्हणून लहान मुलं किंवा गुरं असलेल्या घरी हौसेने लावू नये.