ट्रेलरमधली अर्ध्या सेकंदाची शांतता

नवा ट्रेलर आला की नागपुरात बर्डीवर चहाच्या टपरीपाशी हमखास ऐकू येतं, ‘आवाजच इतका मोठा ठेवतात, म्हणून अंगावर काटा येतो.’ हे अर्धंच खरं आहे. अमेरिकेत थिएटरमधल्या ट्रेलरच्या सरासरी आवाजाला तिथल्या उद्योगानेच ८५ डेसिबलची मर्यादा घालून घेतली आहे. पण सरासरी संपूर्ण ट्रेलरची काढतात. त्यामुळे अर्धा भाग अगदी दबका ठेवला, तर उरलेला अर्धा जवळपास ३ डेसिबलने चढवता येतो. त्यात ६३ हर्ट्झच्या आसपासचा खोल, खर्जातला घुमारा या मापात सुमारे ३० डेसिबलने कमी धरतात, म्हणजे सबवूफरचा, खर्ज काढणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, धक्का जवळजवळ फुकटच पडतो.

खरी करामत मात्र ट्रेलरमधल्या दणदणीत ठोक्याच्या आधीच्या रिकाम्या जागेत आहे.

अंतर्कर्णातल्या केशपेशी आवाज आला की रासायनिक संदेशवाहकाच्या तयार पुड्या सोडतात आणि मज्जातंतू पेटतो. आवाज चालूच राहिला तर काही दशांश सेकंदांच्या आत हा साठा ओसरतो आणि संदेश मंदावतात. थोडी शांतता मिळाली की साठा पुन्हा भरतो. तान्ह्या पोळ्याला इतवारीत मारबतीच्या मिरवणुकीत ताशाजवळ उभे राहा. ताशा सलग वाजत असताना एकेक ठोका वेगळा कळत नाही. क्षणभर थांबून पुन्हा पडलेला पहिला ठोका मात्र छातीवर बसतो. मेंदूही तोवर पुढच्या ठोक्याची वाट पाहत असतो, ही भर वेगळीच.

सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे अर्ध्या सेकंदासाठी १२ फ्रेम मोकळ्या हव्यात. चढत जाणारा सूर तिथे कापावा लागतो, हळूहळू विरवून चालत नाही. नवशिक्या एडिटरची ठरलेली चूक अशी: संगीत कापतो, पण रिव्हर्बची, म्हणजे मागे रेंगाळणाऱ्या घुमण्याची, शेपटी तशीच राहते. ती दोन सेकंदांची असेल तर १२ फ्रेमची पोकळी तिनेच भरून जाते. दुसरी चूक म्हणजे ठोक्याला फेड-इन देणं, म्हणजे तो हळूहळू चढवणं. दचकायला आवाज १० मिलिसेकंदांच्या आसपास शिखरावर पोचावा लागतो; १०० घेतले तर ठोका बसका होतो.

यात संमोहन नाही, ‘गुप्त फ्रीक्वेन्सी’ही नाही. पडद्यावर डोळ्यांना न कळणारे संदेश दाखवून पॉपकॉर्नची विक्री वाढवल्याचा दावा जेम्स व्हिकरी या अमेरिकी बाजार-संशोधकाने १९५७ मध्ये केला होता. १९६२ मध्ये त्यानेच आपल्याकडे पुरेशी माहिती नव्हती अशी कबुली दिली. तरी व्हॉट्सअ‍ॅपवर ती गोष्ट अजून फिरते.

आता ट्रेलर बहुतेक जण मोबाइलवर पाहतात, आणि त्याचा चिमुकला स्पीकर ६० हर्ट्झ काढूच शकत नाही. म्हणून साउंड डिझायनर मूळ ठोक्यावर सॅच्युरेशन चढवून, म्हणजे आवाज मुद्दाम थोडा फाटका करून, ३००, ३६०, ४२० हर्ट्झचे पटीतले स्वर मुद्दाम उभे करतो. त्यांच्यातलं ६० चं अंतर पकडून मेंदू तो गैरहजर खर्ज स्वतःच ऐकतो. हे काम राहून गेलं, तर थिएटरात खुर्ची हलवणारा ठोका हातातल्या फोनवर पत्र्याच्या डब्यावर टिचकी मारल्यासारखा वाजतो.