उन्हात खेळण्यातले हेलिकॉप्टर का पडते?

रिमोटचे हेलिकॉप्टर दुपारी कस्तुरचंद पार्कवर ऐकेनासे झाले, की उन्हाच्या तापाने बॅटरी गेली किंवा शिकणाऱ्याचा हात कच्चा आहे, असे नागपुरात सर्रास म्हटले जाते. हा समज बहुतेकदा चुकीचा असतो. अनेक स्वस्त हेलिकॉप्टरांचे रिमोट टीव्हीच्या रिमोटप्रमाणे अवरक्त (इन्फ्रारेड), म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी आज्ञा पाठवतात. सूर्यप्रकाशातही तेच किरण विपुल असल्याने हेलिकॉप्टरवरील संवेदकाला रिमोटचा क्षीण संकेत वेगळा ओळखता येत नाही, आणि म्हणूनच डिसेंबरच्या थंड पण लख्ख दुपारीही ते तसेच कोसळते. रिमोटच्या पुढच्या टोकाला बारीक दिव्यांसारखे मणी दिसले, तर तो अवरक्त किरणांचा रिमोट समजून सराव घरातच, खिडकीतल्या उन्हापासून दूर करावा. मुलाला मात्र उगाच बोल लावू नये. २.४ गिगाहर्ट्झ रेडिओलहरींवर चालणाऱ्या हेलिकॉप्टरांना या उजेडाची बाधा होत नाही.