शेत-मनोरंजन व्यवसाय

शेतावर येऊन हिंडण्याचा, तोडणीचा आणि खेळण्याचा अनुभव पैसे घेऊन देणारा शेतीपूरक व्यवसाय. कृषी पर्यटनाचाच हा एक भाग. मात्र यात मुक्कामापेक्षा काही तासांच्या सहकुटुंब भेटीवर भर असतो.

सुरुवात बहुधा शेतात आधीपासून असलेल्या पिकापासून होते आणि तेच शहाणपणाचे. पाहुण्यांनीच फळे तोडून विकत न्यायच्या ‘तोडा आणि न्या’ पद्धतीत तोडणीची मजुरी वाचते, पण कच्ची फळे तोडली जातात, रोपे तुडवली जातात. ही नासाडी दरात धरावी लागते. स्ट्रॉबेरीसारखी बुटकी पिके यासाठी सोयीची, शिडी लागणारी झाडे धोक्याची. फवारणीनंतरचा प्रतीक्षा काळ संपेपर्यंत त्या भागात पाहुणे सोडता येत नाहीत, म्हणून बागेचे तुकडे पाडून ते आळीपाळीने खुले करतात.

मक्याचा भूलभुलैया, म्हणजे उभ्या मक्यातून काढलेल्या चकवणाऱ्या वाटा, हे या व्यवसायाचे सर्वांत ओळखीचे आकर्षण. त्याचे आधुनिक रूप १९९३ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात ॲनव्हिल येथे प्रथम उभे राहिले. भिंत दाट व्हावी म्हणून मका उभा-आडवा असा दोनदा पेरतात आणि रोपे लहान असतानाच आराखड्याप्रमाणे वाटा काढतात. ताटे उंच झाल्यावर ते काम फार जड जाते. आता आखणीला जीपीएसची मदत होते. हंगाम संपल्यावर मका कापून घेता येतो, म्हणजे तेच रान दोनदा कमावते.

कल्पना सुचणे सोपे. नवखा व्यावसायिक अडतो तो वाहनतळ, स्वच्छतागृहे आणि विमा यांपाशी. गर्दी नेमकी सुट्टीच्या दिवशी येते, बहुतेकदा ऐन सुगीत, जेव्हा घरची माणसे आधीच रानात गुंतलेली असतात. ओल्या जमिनीवर गाड्या उभ्या केल्या तर माती दबते आणि त्याची झळ पुढच्या पिकाला लागते. शेतीच्या नेहमीच्या विम्यात पैसे देऊन आलेल्या पाहुण्याची दुखापत धरलेली असतेच असे नाही.

जनावरांना हात लावू देणाऱ्या शेतांवर आरोग्याचा प्रश्न गंभीर असतो. २००९ साली इंग्लंडच्या सरे परगण्यातील अशाच एका शेतावरून ई. कोलाय ओ१५७ या जिवाणूचा संसर्ग पसरला. ९३ जण आजारी पडले, त्यांत बहुतेक लहान मुले होती. जनावर धडधाकट दिसत असले तरी त्याच्या शेणातून हा जिवाणू बाहेर पडतो. साबण आणि वाहते पाणी हाच खरा उपाय. हाताला नुसते जंतुनाशक जेल चोळणे पुरत नाही. खाण्याची जागाही गोठ्यापासून दूर हवी.

मनोरंजन वाढले की शेती मागे पडण्याचा संभव असतो. कॅलिफोर्नियातील ब्यूना पार्क येथे वॉल्टर नॉट यांच्या शेतावर रस्त्याकडेला बेरी विकल्या जात. १९३४ साली त्यांच्या पत्नी कॉर्डेलिया नॉट यांनी तिथे कोंबडीचे जेवण द्यायला सुरुवात केली. रांगा लागू लागल्या आणि ताटकळणाऱ्यांचे मन रमावे म्हणून १९४० पासून जुन्या वसाहतीचा देखावा उभारण्यात आला. आज तिथे मोठे करमणूक उद्यान आहे. इटलीने याबाबत वेगळी वाट धरली: १९८५ च्या कायद्याने शेतकऱ्याला पाहुणे ठेवण्याची मुभा दिली, पण शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे अशी अट घातली. २००६ च्या नव्या कायद्यातही ती कायम आहे.