टेकडीचा दगड आणि घाटाचे पाणी

वेताळ टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा रस्ता न्यावा का, या वादात झाडे, मोर आणि वाहतूक कोंडी यांवर भरपूर बोलले जाते. टेकडी ज्या दगडाची आहे तो मात्र चर्चेत फारसा येत नाही. पुणे कसे वाढले आणि पाण्यावरून सतत का भांडते, याचे निम्मे उत्तर त्या दगडात आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि लाव्हा वाहू लागला. एकदा नव्हे, अनेकदा. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात वरचा थर झिजून माती होई आणि पुढचा लाव्हा ती भाजून काढी. घाटरस्त्यांच्या कापलेल्या कड्यांत अधूनमधून दिसणारा तांबडा पट्टा तो हाच. आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश थिजलेल्या लाव्ह्याच्या या काळ्या दगडाने, म्हणजे बेसॉल्टने, व्यापला आहे. पुढे पठाराची पश्चिम बाजू तुटून खचली आणि झिजत झिजत कडा मागे सरकला. त्यालाच आपण सह्याद्री म्हणतो. पर्वत म्हणून त्याचा रुबाब कोकणातून पाहावा. पुण्याकडून तो पठाराचा काठच आहे.

थर एकसारखे नाहीत. सच्छिद्र, मऊ थर लवकर झिजतो, मग वरच्या कातळाचा आधार जाऊन उभा कडा उरतो. सह्याद्रीच्या किल्ल्यांना यातून आयती तटबंदी मिळाली. भाजे, कार्ले, बेडसे इथल्या लेणी खोदणाऱ्यांनी नेमका जाड, एकसंध थर हेरला. आठव्या शतकातले पाताळेश्वर तर आजच्या जंगली महाराज रस्त्यालगत जमिनीच्या पातळीखाली कोरलेले आहे. लाव्ह्यातल्या हवेच्या पोकळ्यांत पुढे स्फटिक वाढले. वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांना माहीत आहे. बांधकामाला खडी हवी म्हणून टेकड्याच पोखरल्या गेल्या, तेव्हा त्याची फिकीर कुणाला होती!

मुरलेले पाणी अशा खडकात भेगांतून आणि सच्छिद्र थरांतून फिरते, कातळाशी अडते आणि उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. पण साठा मोजकाच, त्यामुळे शहराला पाणी बाहेरून आणावे लागले. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून बंदिस्त दगडी नळातून ते शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत खेळवले गेले. पंप नाही, नुसता उतार.

घाटाचा उतार वापरण्याची पुढची पायरी अधिक महागात पडली. १८६३ मध्ये बोर घाटातून रेल्वे गेली. मग टाटांनी लोणावळ्याच्या परिसरात तलाव बांधून ते पाणी खोपोलीला खाली सोडले आणि १९१५ मध्ये तिथे वीजनिर्मिती सुरू झाली. पाठोपाठ मुळशीची पाळी आली. मावळातली भातखाचरे धरणात जाणार म्हणून १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. तरीही धरण झाले. मुळा नदी मूळची पूर्वेला वाहणारी, पण तिचे अडवलेले पाणी पश्चिमेला, कोकणात भिऱ्याला पडू लागले. वीज मुंबईला गेली, जमीन मावळची गेली.

पूर्वेच्या तालुक्यांना हे विसरता येत नाही. ढग घाटमाथ्यावरच रिकामे होतात: लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, पुण्यात सातशेच्या आसपास, बारामतीकडे आणखी कमी. काळी जमीन मात्र पूर्वेकडे, आणि ऊसही तिथेच. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांच्या साठ्यातून पुण्याचे नळही चालवायचे आणि दौंड-इंदापूरची शेतीही भिजवायची. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आवर्तन, म्हणजे कालव्यातली पाण्याची पाळी, किती आणि कधी सोडायचे यावर खटके उडतात ते यामुळेच, आणि शहराची हद्द वाढते तसे ते वाढतच चालले आहेत.