सोन्याच्या दुर्मीळ नाण्यांच्या प्रतिकृती: एका छंदाची पार्श्वभूमी

अस्सल नाणी जमवणारे प्रतिकृतींच्या संग्राहकांकडे पाहून बरेचदा नाक मुरडतात. पण नाण्यांच्या नकला नाणेसंग्रहाइतक्याच मुरलेल्या आहेत. सोळाव्या शतकात इटलीतल्या पदुआ शहरातल्या जोव्हान्नी दा कव्हीनोने रोमन नाण्यांच्या धर्तीवर ब्राँझचे सुबक तुकडे पाडले. आज ते ‘पदुअन’ म्हणून मुद्दाम जमवले जातात.

जर्मनीचा कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) मात्र लबाड. ग्रीक-रोमन नाण्यांचे ठसे तो स्वतः कोरी आणि माल अस्सल म्हणून खपवी. नव्या नाण्याची झळाळी मारायला तो ती लोखंडाच्या किसासोबत पेटीत भरून घोडागाडीतून हिंडवायचा, असे सांगतात. कसब वादातीत, नियत खोटी!

१८३८च्या सुमारास विजेच्या साहाय्याने धातूचा थर चढवण्याची रीत हाती आली आणि प्रतिष्ठित नकलांचे युग सुरू झाले. ब्रिटिश म्युझियमसाठी रॉबर्ट रेडी याने अशा पुष्कळ प्रती केल्या. नाण्याच्या दोन्ही बाजूंची पातळ टरफले वेगवेगळी बनवायची, जोडायची, वर सोन्याचा मुलामा. समोरून पाहिले तर जाणकारही फसावा, पण कड भिंगाखाली धरली की सांध्याची बारीक रेघ दिसते. रेडीच्या कित्येक प्रतींच्या कडेवर त्याची आद्याक्षरेही आहेत.

नकलेला नावे ठेवणाऱ्यांनी शाहजहानचे २०० मोहरांचे नाणे आठवावे. मूळ नाणे बेपत्ता आहे. ब्रिटिश म्युझियममधली प्लास्टरची प्रतिकृती तेवढी उरली.

प्रतिकृतींच्या आजच्या बाजाराला १९३३च्या अमेरिकी वीस डॉलरच्या ‘डबल ईगल’ने मोठे खाद्य पुरवले. ४,४५,५०० नाणी पाडली गेली, पण लोकांकडचे सोने सरकारजमा करण्याच्या राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या धोरणामुळे ती चलनात आलीच नाहीत. जवळपास सगळी वितळवली गेली. वाचलेल्यांपैकी एक २०२१मध्ये सुमारे १.८९ कोटी डॉलरला विकले गेले. मग बाकीच्यांनी प्रतिकृतीच घ्यायची! अमेरिकेत १९७३च्या कायद्याने अशा नकलेवर ‘कॉपी’ हा शब्द न पुसणाऱ्या ठशात असणे बंधनकारक केले. शब्द नसेल तर तराजू काढावा: अस्सल डबल ईगल ३३.४ ग्रॅमचे, तेवढ्याच आकाराची मुलामा दिलेली तांब्याची प्रत जेमतेम निम्म्या वजनाची भरते.