नळीचा ताप (लिव्हर-ॲक्शन रायफल)

लागोपाठ गोळ्या झाडल्यावर रायफलची नळी तापते आणि नेम तोच धरला तरी गोळी लागण्याची जागा सरकते. हा दोष थोडाफार सगळ्याच रायफलींत असतो. लिव्हर-ॲक्शनमध्ये, म्हणजे ट्रिगरखालची दांडी खाली-वर करून पुढचे काडतूस भरायच्या रायफलीत, मात्र तो बहुधा बांधणीतूनच येतो.

विंचेस्टर १८९४ किंवा मार्लिन ३३६ या रायफलींत काडतुसे मुख्य नळीखालच्या बारीक नळीत, एकामागे एक बसतात. ही मॅगझिनची नळी आणि पुढचा लाकडी भाग पट्ट्यांनी किंवा खुंटीने वरच्या नळीला जखडलेले असतात. गोळी सुटते वरच्या नळीतून, त्यामुळे तापते तीच. खालची मागे राहते. लोखंड तापले की वाढते, हे नाशिककडच्या लोहाराला सांगावे लागत नाही. बैलगाडीच्या चाकाची धाव तो लालबुंद करूनच चढवतो आणि पाणी पडताच ती लाकडाला आवळते. रायफलीत वाढणाऱ्या नळीला मोकळी जागाच नसते. ५०८ मिलिमीटर, म्हणजे २० इंची नळी ६० अंश सेल्सिअसने तापली तर साधारण ०.३७ मिलिमीटर लांबते. खालून जखडलेली असल्याने तिच्यावर दाब येतो, ती किंचित वाकते. तोंड एका अंशाच्या साठाव्या भागाने कलले तरी १०० मीटरवर गोळी सुमारे २९ मिलिमीटर सरकते.

त्यामुळे लक्ष्यावर गोळ्या बहुधा उभ्या रांगेत लागतात. त्या वर चढतील की खाली उतरतील, हे त्या-त्या रायफलीच्या जुळणीवर ठरते. मॅगझिन रिकामे होत जाते तसे वजन बदलते, तोही परिणाम त्यात मिसळतो. तापलेल्या नळीवरची थरथरणारी हवा नेम धूसर करते. नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या गरम कक्षात ते रेंगाळले तर दारूही तापते आणि गोळीचा वेग वाढतो. सॅव्हेज ९९ या लिव्हर-ॲक्शन रायफलीत खालची नळीच नाही, तेव्हा तिथे जखडण्याचा हा त्रास नाही.

हवामानाचाही वाटा असतो. जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी होतो, मेमध्ये नाशिक चाळिशीला टेकते. एवढ्या फरकाने, एकही गोळी न झाडता, हीच नळी ०.२ मिलिमीटर लांबते. देवळालीच्या तोफखाना विद्यालयात शिकणाऱ्यांना थंड आणि तापल्या नळीतला फरक परिचयाचा असतो, कारण तोफेतही थंड नळीतून सुटलेल्या गोळ्याचा वेग वेगळा पडतो.

शिकारीत पहिली गोळी थंड नळीतूनच सुटते, म्हणून तिथे या दोषाचा बाऊ करण्यात अर्थ नाही. लक्ष्यभेदाच्या सरावात मात्र पुष्कळदा दोष काडतुसाला दिला जातो. खातरजमा सोपी आहे. पाच गोळ्या पटापट झाडाव्यात, मग पाच गोळ्या दर वेळी नळी हाताला थंड लागेपर्यंत थांबून. थांबताना रायफल रिकामी असल्याची खात्री करून, लिव्हर उघडी ठेवून तोंड वर करून सावलीत उभी करावी. धुराड्यातून जावी तशी हवा नळीतून वर निघते. पटापट झाडलेल्या गोळ्या क्रमाने एकाच दिशेला सरकल्या आणि थांबून झाडलेल्या एकत्र राहिल्या, तर दोष तापाचा. दोन्ही वेळा विखुरल्या, तर काडतूस किंवा नेमबाजाचा हात तपासावा.