हॉलोग्राम फुटला तरी माहिती शाबूत?

‘हॉलोग्रामचा तुकडा उडाला तरी माहितीला धक्का लागत नाही,’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते अर्धंच खरं आहे. काही चिपमधल्या सर्किटची रचना प्रकाशाने बदलता येते, आणि ती कशी असावी ही माहिती हॉलोग्राममध्ये, म्हणजे प्रकाशाचा नमुना नोंदवलेल्या पृष्ठभागात, साठवलेली असते. अशा चिपमध्ये लेझर हॉलोग्रामवर पडतो आणि फोटोडायोडच्या, म्हणजे प्रकाश ओळखणाऱ्या सूक्ष्म घटकांच्या, रांगांवर ठिपके उमटतात: उजळ म्हणजे १, काळा म्हणजे ०. प्रत्येक उजळ ठिपका हॉलोग्रामच्या जवळजवळ सगळ्या पृष्ठभागावरून आलेल्या प्रकाशाने बनतो. म्हणून एखादा ओरखडा ठरावीक बिट पुसत नाही, आणि हे खरोखर सुंदर आहे. पण सगळेच उजळ ठिपके किंचित मंदावतात, काळ्यांत भटका प्रकाश शिरतो. नुकसान वाढत गेलं की डायोडला फरक कळेनासा होतो, १ च्या जागी ० वाचला जातो. आणि हॉलोग्राम धड असला, तरी लेझरचा कोन जरा बदलला की ठिपके शेजारच्या डायोडवर सरकतात.